एकशे बारा नंबरचं नख

बाबा आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही माझ्यामुळे. आता ते खोटं काचेच्या पेटीत ठेवून, वर दिवा लावून, लोकांना दाखवायचं घाटत होतं. परवा उद्घाटन. आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची बाई, धाकट्या बहिणीसमोर बसून छोट्या कार्डांवर 'हरीण, खालची दाढ' असं सुवाच्य अक्षरात लिहीत होते.

आधी कोण कुठलं ते सांगते. मी कवळ्या बनवते. दाताचे डॉक्टर माप घेतात, गोड हसतात, आणि साचा माझ्याकडे पाठवून देतात. खरं काम माझं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, म्हणून ते माझ्याशी जरा जपून असतात. बाबांचाही हाच व्यवसाय. धाकटी मात्र शिकली, खूप शिकली, आणि संग्रहालयातल्या जुन्या हाडांच्या विभागाची प्रमुख झाली. तिचं खरं नाव भलंमोठं आहे, दारावर पाटीसुद्धा आहे, पण घरात ती चिमी. लोक प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून दात आणि नखं घेऊन तिच्याकडे येतात. "मॅडम, हा डायनासोर आहे ना?" ती चष्मा कपाळावर चढवते, दात खिडकीशी धरते आणि म्हणते, "गाय. फार तर पाच वर्षांपूर्वीची." बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं होतं.

प्रदर्शन बाबांच्या संग्रहाचं होतं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांनी ओढ्यातून गोळा केलेले अडीचशेच्या आसपास दात, थोडी हाडं, आणि निळ्या पुठ्ठ्याची ती वही. प्रत्येक वस्तूला नंबर, तारीख, जागा, कोणाला सापडली, कोणत्या जनावराची. चिमी म्हणते, कॉलेजात न गेलेल्या माणसाने इतकी चोख वही ठेवलेली तिने दुसरी पाहिली नाही. उद्घाटनाला बाहेरून एक मोठे तज्ज्ञ येणार होते. या माणसाने एकशे बारा नंबरच्या पेटीत एकदा डोकावलं की संपलं. वहीत लिहिलंय 'अस्वलाचं नख', आणि पेटीत आहे कवळीचं प्लॅस्टिक. मग तो म्हणणार, ज्या गृहस्थाला एवढंही कळलं नाही, त्याच्या बाकीच्या नोंदींवर काय विश्वास ठेवायचा? बाबांची अब्रू जाणार, आणि त्यांच्यामागून चिमीची. पंधरा दिवस मी रोज ठरवत होते, आज सांगायचं. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा बंद होत नाही. इथे मात्र दातखीळ बसली होती.

ओढा वीटभट्टीच्या मागे होता. भट्टीवाल्यांनी माती काढून काढून काठ उभा कापला होता, आणि त्या मातीच्या खाली गोट्यांचा एक थर उघडा पडला होता. पाणी वाढलं की त्या थरातून काय काय सुटून यायचं. बाबांना पहिला दात सापडला तो सायकल पंक्चर झाली म्हणून. डॉक्टरकडे कवळी पोचवून येत होते, पाय दुखले, पाण्यात पाय सोडून बसले, तर टाचेला काहीतरी टोचलं. दुसरा कोणी असता तर दगड म्हणून भिरकावून दिला असता. पण हा माणूस दिवसभर दातच बघणारा. तो घोड्याचा दात होता, आणि दगड होऊन गेलेला होता. त्यानंतर आमच्या घरात सुट्टीच्या दिवशी दुसरं काही झालंच नाही.

सकाळी लवकर निघायचो. बाबा पुढे, खांद्यावर चाळणी. ही चाळणी मूळची आईची, पिठाची. ती एकदा ओढ्यावर गेली आणि मग तिला घरात घ्यायला आई तयार होईना. आई म्हणायची, "आठवडाभर माणसांचे दात, सुट्टीला जनावरांचे. मला या जन्मात कधी बिनदाताचं कोणी भेटणार आहे का?" पण डबा तीच भरून द्यायची, आणि आम्ही परत आलो की पदराला हात पुसत पहिली विचारायची, "काय मिळालं?"

बाबांची शिकवायची पद्धत होती. दात हातात दिला की आधी म्हणायचे, "नाव सांगू नकोस. हा खात काय होता ते सांग." मग आम्ही दाताचा माथा बघायचो. घोड्याचा दात उंच, चौकोनी, आणि माथ्यावर नागमोडी रेघा, गवत दळायला. गाईबैलाचा जवळजवळ तसाच, पण दोन भागांच्या मध्ये एक बारीकसा खांब. तो दिसला की मी उडी मारायचे. हरणाच्या दाढेवर चंद्रकोरी. सुसरीचा दात म्हणजे नुसता सुळका, आतून पोकळ. आणि हाड जुनं की नवं हे कळेना झालं, तर बाबा ते शर्टाला पुसून कोरडं करायचे आणि जिभेला लावायचे. जुनं हाड जिभेला चिकटतं, नवं चिकटत नाही. आईने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोन दिवस बाबांचा पेला वेगळा ठेवला होता.

कळलं नाही तर बाबा वहीत 'माहीत नाही' लिहायचे. अशा तेवीस नोंदी आहेत. मला लाज वाटायची. मी म्हणायचे, लिहा ना काहीतरी, कोण बघतंय? ते म्हणायचे, "चुकीचं नाव देण्यापेक्षा बिननावाचं बरं. नंतर येणाऱ्या माणसाची दिशाभूल होते."

चुकले नाहीत असं नाही हां. एकदा एक दाढ मिळाली, बसकी, चार उंचवटे, मुळं तुटलेली. बाबांनी ती बघितली आणि त्यांचा चेहराच उतरला. "माणसाची आहे," म्हणाले. झालं! कवळीवाल्याला सगळीकडे माणूसच दिसणार. आम्हाला दोघींना काठावर बसवून ते थेट पोलीस चौकीत. हवालदार आला, ओढ्यात पँट गुडघ्यापर्यंत भिजवली, काठाला दोरी बांधली. वर बाबा त्याला सांगतायत, दाढ खालची आहे, डावीकडची आहे, आणि हा माणूस सुपारी फोडायचा. शेवटी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दाढ एकदा फिरवून बघितली आणि म्हणाले, "डुक्कर." हवालदार पुढे कित्येक वर्षं बाबांना रस्त्यात भेटला की विचारायचा, "काय, डुकराचे नातेवाईक आले का चौकशीला?" बाबा स्वतःही हसायचे, आणि वहीतली ती ओळ त्यांनी खोडून टाकली नाही. 'माणूस' वर रेघ मारून शेजारी 'डुक्कर' लिहिलं, तारखेसकट.

अशा वहीत खोटं लिहायला मी त्यांना भाग पाडलं.

मी तेव्हा चौदा वर्षांची, चिमी नऊ. माझ्या नावावर वहीत एकेचाळीस नोंदी होत्या. चिमीच्या नावावर एकही नाही. दोन वर्षं येत होती, पण तिचं लक्ष कुठे ठिकाणावर असायचं? पाण्यातले किडे बघ, चतुराच्या मागे धाव, गोटे रंगाप्रमाणे लावत बस. आणि तरी लाडकी तीच. ओढा ओलांडताना ती बाबांच्या खांद्यावर, आणि मी मागून चाळणी, डबा आणि स्वतःच्या चपला सांभाळत. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, खूप राग यायचा.

त्यातच मला तो सुळा मिळाला. माझ्या तर्जनीएवढा लांब, किंचित वाकलेला, काळाभोर, मागच्या कडेला बारीक दातेरी धार. बाबांनी हातात घेतला आणि पाण्यातच उभे राहिले. वाघासारखंच कुठलंतरी जनावर, म्हणाले, पण कुठलं ते घरी जाऊन पुस्तकात बघू. मी तो रुमालात गुंडाळून डब्याशेजारी ठेवला आणि परत चाळायला गेले. आले तर रुमाल रिकामा. चिमीने तो ओढ्याच्या मधल्या डोहात सोडून दिला होता.

"का?" मी ओरडले.

"त्याला तहान लागली होती," ती म्हणाली.

आम्ही त्या डोहात संध्याकाळपर्यंत शोधलं. नाही मिळाला. आणि बाबा मला म्हणाले, "जाऊ दे गं, लहान आहे ती." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं की हिची अशी फजिती करायची की पुन्हा ओढ्याचं नाव घेणार नाही.

बाबा दुपारी डॉक्टरांकडे फेरीला जायचे. तेवढा वेळ कामाची खोली माझी. मी मेणाचं नख घडवलं. पुस्तकात अस्वलाच्या पंजाचं चित्र होतं, ते समोर ठेवून. दोनदा बिघडलं, तिसऱ्यांदा जमलं. प्लॅस्टरमध्ये साचा घेतला, मेण वितळवून काढलं, दाताच्या रंगाची पावडर आणि ते उग्र वासाचं पाणी कालवलं, त्यात काजळी मिसळली. नुसतं प्लॅस्टिक हलकं लागेल म्हणून आत गळाला लावतात तो शिशाचा मणी घातला. आईच्या पातेल्यात साचा उकळला आणि पातेलं तीनदा घासून ठेवलं. मग घासणं, पॉलिश, कडक चहात बुडवून ठेवणं, बुटाचं पॉलिश, पुन्हा घासणं. अकरा दिवस लागले. माझा बेत असा होता: चिमीला ते सापडेल, ती ओरडत नाचत बाबांकडे जाईल, बाबा हातात घेतील आणि म्हणतील, अगं वेडे, हे तर आपल्या कवळीचं प्लॅस्टिक! आणि मग मी हसेन. खूप जोरात हसेन.

सुट्टीच्या दिवशी मी ते उथळ पाण्यात, ती नेहमी बसायची तिथे, वाळूत अर्धं पुरून ठेवलं आणि वरच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

तिला ते दिसलं. पण ती ओरडली नाही. नाचलीही नाही. तिने ते उचललं, फ्रॉकला पुसलं, आणि कितीतरी वेळ नुसती मुठीत धरून बसली. मग उठून पाण्यातून चालत बाबांकडे गेली. मूठ उघडली आणि म्हणाली, "बाबा, हा दगड असला तर दगड म्हणा. मला चालेल."

मी पाच-सहा पावलांवर होते. हसू अगदी ओठावर आलेलं. बाबांनी ते हातात घेतलं, आणि हातात घेताच त्यांना कळलं. कळणारच. आयुष्यभर तेच मटेरियल हाताळलेला माणूस. तरी त्यांनी ते कोरडं केलं, जिभेला लावलं. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही बघितलं, त्यामुळेच माझं हसू जिथल्या तिथे जिरलं. मग खाली वाकून तिला म्हणाले, "नख आहे. अस्वलाचं."

चिमी रडायलाच लागली. आनंदाने हो. मला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रात्री जेवणाआधी बाबांनी वही काढली आणि लिहिलं: एकशे बारा, नख, अस्वल. माझ्याकडे बघितलं नाही. मी कानफटात बसायची वाट बघत होते, खरं तर बसली असती तर सुटले असते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बाबा कामाच्या खोलीत. म्हणाले, "इकडे ये." मी गेले. त्यांनी एक कच्ची कवळी माझ्यापुढे सरकवली. "आतल्या वळणात पॉलिश करायला मला जमत नाही, बोट जाड आहे. बघ तुला जमतंय का." एवढंच. नखाचं नाव त्या दिवशी काढलं नाही आणि नंतरही कधी नाही. मी त्या स्टुलावर बसले ती अजून बसलेलीच आहे.

आणि चिमी? ती त्या नखाने पेटली. ते खिशात घालून शाळेत, खिशात घालून झोपायला. लायब्ररीतली जनावरांची पुस्तकं संपवली. पुढच्या वर्षात तिच्या नावावर तीस नोंदी, सगळ्या खऱ्या. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, दारावर पाटी लागली. आणि मी दर वेळी तिचं कौतुक ऐकलं की मनात म्हणायचे, बाई गं, तुझी सुरुवात माझ्या कपटातून झाली आहे. सांगावं म्हटलं की जीभ रेटायची नाही. आधी ती लहान होती म्हणून, मग परीक्षा म्हणून, मग बाबा होते म्हणून. चव्वेचाळीस वर्षं मी मूग गिळून बसले.

तर परवा उद्घाटन. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघीच. लांब टेबल, त्यावर कापूस घातलेले ट्रे, कोपऱ्यात सिंक आणि तिथे ग्लासात दहा-बारा जुने टूथब्रश, हाडं घासायचे. चिमी एकेक दात ठेवत होती आणि मी कार्ड लिहीत होते. एकशे अकरा झालं. मी पेन खाली ठेवलं.

"चिमे, ते नख पेटीत ठेवू नकोस."

"का?"

"ते खरं नाही."

ती ट्रेवरून मान वर न करता म्हणाली, "माहितीये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय माहितीये?"

"अगं, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी कळलं. नखाचं वरचं आवरण सडून जातं, ताई. जमिनीत उरतं ते आतलं हाड. आणि हे म्हणजे चित्रातल्यासारखं आख्खं नख. तरी मी मूर्ख, एक्स-रे काढला. आत छानपैकी गोल मणी!" ती हसायला लागली. "अस्वलाच्या नखात शिशाचा मणी! मी त्या खोलीत एकटीच वेड्यासारखी हसत होते. आणि मग रडले."

"मग पेटीत का ठेवतेस? तो पाहुणा बघेल, बाबांची शोभा होईल."

"शोभा कसली? म्हणून तर मधोमध ठेवतेय." तिने टेबलाचा खण उघडून एक कागद माझ्यापुढे ठेवला. "हे तुझ्या अक्षरात हवंय मला. मोठ्या कार्डावर."

मी वाचलं. 'हे नख खरं नाही. कवळ्या बनवणाऱ्या एका वडिलांनी, आपल्या धाकट्या मुलीला दोन वर्षं काहीच सापडलं नाही म्हणून, ते स्वतःच्या हाताने घडवलं आणि तिला सापडेल असं ठेवलं. तिने पुढे हेच काम आयुष्यभर केलं.'

मी पेन उचललं. बाबांची अब्रू वाचली होती. वाचली काय, वाढली होती. मला फक्त गप्प बसून लिहायचं होतं. 'हे नख खरं नाही' एवढं लिहिलं. 'कवळ्या बनवणाऱ्या एका' लिहिलं. आणि पुढचा शब्द हाताला लिहवेना. मी काही कोणी साध्वी नाही, पण त्या वहीशेजारी बसून, जिच्यात माणसाचं डुक्कर तारखेसकट दुरुस्त केलंय, चुकीचं नाव लिहायचं म्हणजे काय!

"बाबांनी नाही बनवलं," मी म्हणाले. "मी बनवलं."

तिने चष्मा कपाळावर चढवला.

"तू माझा सुळा डोहात टाकलास म्हणून. तुझी फजिती व्हावी म्हणून. बाबा माझ्यासमोर तुला वेडी म्हणतील आणि मी हसेन म्हणून. बाबांनी तुझ्यासाठी काही बनवलं नव्हतं, चिमे. त्यांनी नख हातात घेतलं, सरळ माझ्याकडे बघितलं, आणि फक्त मला उघडं पाडलं नाही."

चिमीचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आपण हे तोंड शिवून का घेत नाही. ती उठली. सिंकपाशी गेली, नळ सोडला, बंद केला. पाठ माझ्याकडे. "पस्तीस वर्षं," म्हणाली. "माझा प्रबंध परत आला होता तेव्हा मी ते नख उशाशी घेऊन झोपत होते. माझ्यासाठी बाबांनी हे केलंय, मग मी कशी हरेन, असं म्हणत. आणि ते माझं हसं करायला होतं?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बाहेर पॅसेजमध्ये कोणीतरी शिडी ओढत नेत होतं, त्याचा कर्कश आवाज येत राहिला. मग ती वळली आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं.

"मी त्यांना विचारलं होतं, ताई."

"कोणाला?"

"बाबांना. शेवटच्या आजारात, हॉस्पिटलमध्ये. तू खाली चहा आणायला गेली होतीस. मी नख त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, बाबा, मला कधीचं ठाऊक आहे, हे तुम्ही केलंत, आता तरी आभार मानू द्या. त्यांनी ते नख असं फिरवून फिरवून बघितलं. आतलं वळण अंगठ्याने चाचपलं. आणि म्हणाले, 'छे गं. माझा हात एवढा चांगला कधीच नव्हता.'" चिमीचा आवाज फाटला. "मला वाटलं, लाजतायत."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, हुंदके देऊन, दातांच्या ट्रेमध्ये. बाबांनी माझं काम मला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. नवं काम पुढे सरकवायचे, तेच त्यांचं चांगलं म्हणणं, असं मी धरून चालले होते. आणि चव्वेचाळीस वर्षं मला वाटत होतं की त्यांनी त्या दिवशी पाण्यात उभं राहून माझ्याकडे बघितलं ते माझं पाप बघितलं. चिमी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, काढून घेतला, परत ठेवला.

"मी चिडलेय हां तुझ्यावर," ती म्हणाली. "अजून बरेच दिवस चिडणार आहे."

"चीड ना."

"पण हसं करायला अकरा दिवस कोणी घालवतं का गं? एका दिवसाचं काम."

"तो सुळा फार चांगला होता," मी नाक पुसत म्हणाले, आणि मग आम्ही दोघी हसायला लागलो. थांबता थांबेना.

शेवटी तिने माझ्यापुढचं अर्धवट कार्ड फाडलं आणि कोरं ठेवलं. "लिही. खरं ते."

"आणि बाबांचं काय लिहू? त्यांनी अस्वल म्हणून नोंद केलीय. त्यांची ओळख चुकली असं दिसणार लोकांना."

"चुकली कुठे?" चिमी म्हणाली. "हातात घेतलं आणि सरळ तुझ्याकडे बघितलं ना त्यांनी? त्यांनी बरोबर ओळखलं, ताई. तुलाच ओळखलं."

मी लिहायला घेतलं. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं, तीन कार्डं वाया गेली. चौथ्यावर लिहिलं: 'नख. बनवणारी: थोरली मुलगी, वय चौदा. कारण: राग. वडिलांनी हातात घेताच ओळखलं आणि कोणाला सांगितलं नाही.' चिमीने ते वाचलं आणि म्हणाली, "ती 'कारण'ची ओळ काढून टाक." मी म्हटलं, राहू दे, ती खरी आहे. यावर आमचं चांगला अर्धा तास भांडण झालं.